जिजा नावाच्या तिघी

जिजा हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. कुठे जिजाबाई, कुठे जिजाई, तर कुठे नुसतेच जिजी. हे नाव उच्चारताच ज्यांच्यासाठी आपले हात आपोआप जोडले जातात त्या राजमाता जिजाबाई. परंतु त्यांच्याच हयातीत, त्यांच्याच पुणे प्रांतात, या नावाची आणखी एक स्त्री आपल्या मोडक्या संसाराशी झुंजत होती, आणि पुढे शंभर वर्षांनी कोल्हापूरची गादी याच नावाच्या एका राणीने सावरून धरली. राजमातांचे पुण्यस्मरण करताना या दोघींचीही आठवण व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

राजमातांचा जन्म इ. स. १५९८ मध्ये सिंदखेडच्या जाधवरावांच्या घरी झाला. पिता लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातबर सरदार. वेरूळच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांशी त्यांचा विवाह झाला. माहेर आणि सासर दोन्ही तालेवार, पण सुख मात्र वाट्याला थोडेच आले. १६२९ च्या जुलै महिन्यात दौलताबादेस भर दरबारात लखुजींची मुलांनातवासह हत्या झाली. एका दिवसात माहेर उजाड झाले. त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

ते दिवसच मोठे कठीण होते. विजापूरच्या फौजेने पुणे जाळून बेचिराख केले. मुरार जगदेवाने गावावर गाढवाचा नांगर फिरविला, असे सांगतात. त्यातच दुष्काळ पडला. १६३० पासून दोन-तीन वर्षे दख्खनेत अन्नान्न दशा झाली. शहाजीराजे पुढे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले, आणि जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन पुण्यास आल्या त्या या पडक्या गावात.

इथेच त्यांच्या थोरवीचा खरा प्रत्यय येतो. परागंदा झालेली रयत परत आणणे हे काम सोपे नव्हते. जळलेल्या गावात परतायला माणूस धजत नाही. राहायला लाल महाल उभा राहिला, शेते पुन्हा नांगराखाली आली. गावात देव असेल तर माणूस थारा धरतो हे जाणून त्यांनी कसब्यातील गणपतीचे देऊळ बांधविले, अशी परंपरा आहे. तोच कसबा गणपती आज पुण्याचे ग्रामदैवत असून गणेशोत्सवात मानाचा पहिला आहे. त्यांनी रयतेच्या तंट्यांचे निवाडेही केले. राजे मोहिमेवर असताना दाद मागायची कोठे, तर आऊसाहेबांकडे, हे लोकांना ठाऊक होते.

पुढील दुःखेही लहान नव्हती. थोरला मुलगा संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. जिजाबाई सती जाण्यास निघाल्या तेव्हा शिवरायांनी मोठ्या कष्टाने त्यांना परावृत्त केले. पुढच्या वर्षी सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी राजांनी महाबळेश्वरी मातोश्रींची सुवर्णतुला केली. त्या जगल्या हे स्वराज्याचे भाग्यच म्हणावे, कारण १६६६ मध्ये राजे आग्र्यास अडकले तेव्हा मागे राज्यावर नजर ठेवायला घरचे वडील माणूस त्याच होत्या.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. मुलाला छत्रपती झालेला त्यांनी डोळे भरून पाहिला आणि १७ जून रोजी रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे.

कोल्हापूरच्या जिजाबाई या नात्याने राजमातांच्या पणतसून. शिवरायांचे नातू, करवीरचे संभाजीराजे, १७६० मध्ये निपुत्रिक वारले. वारस नाही म्हणून करवीरचे राज्य खालसा करण्याचा पेशव्यांचा विचार होता. जिजाबाईंनी तो हाणून पाडला. खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले, आणि १७७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतः कारभार पाहिला. करवीरचे संस्थान पुढे १९४९ पर्यंत चालले. एवढी कर्तबगार बाई, पण तिचे नाव कोल्हापूरच्या बाहेर फारसे कोणी घेत नाही.

आता राहिली देहूची जिजाई. तुकोबारायांची ही दुसरी पत्नी, गुळव्यांची लेक, घरात आवली म्हणत. गंमत पाहा, राजमातेला आपण अहोजाहो करतो आणि हिला मात्र सरसकट अगंतुगं. कुणाची बायको तोंडाची फटकळ निघाली की लगेच म्हणायचे, तुकारामाची आवलीच ही! हा न्याय नव्हे.

ज्या दुष्काळाने पुणे ओस पाडले त्यानेच देहूचे हे घर मोडले. तुकोबांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगाही गेला. व्यापार बुडाला. विरक्त झालेल्या तुकोबांनी पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. संताच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण घरात चूल पेटवायची कोणी? जिजाईंनी स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला पुन्हा व्यापारास धाडले. नफा झाला, पण परतताना एका कर्जबाजारी ब्राह्मणास सोडविण्यासाठी तुकोबांनी सारे पैसे देऊन टाकले, अशी कथा आहे. अशा बाईने चार शब्द सुनावले तर नवल ते काय? आणि हीच बाई भर दुपारी भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढत असे. नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही, हा तिचा नेम. एकदा पायात काटा मोडला तेव्हा खुद्द पांडुरंगाने तो काढला, असे वारकरी सांगतात. जिला उठता-बसता ती बोल लावी, त्या विठोबानेच तिचा पाय हाती घेतला.

१६५० मध्ये तुकोबा वैकुंठास गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. मागे मुले, मुली, घरात काही नाही. त्यानंतर जन्मलेला मुलगा म्हणजे नारायणबाबा. त्यानेच १६८५ मध्ये वडिलांच्या पादुका पालखीत घालून, आळंदीहून ज्ञानोबामाउलींच्या पादुका सोबत घेऊन, पंढरीची वाट धरली. देहूची पालखी दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस निघते.