रोलेक्सच्या जनकाचे दुसरे घड्याळ

पाण्यात उतरविता येईल, धक्के सोसेल आणि चारचौघांत शोभूनही दिसेल असे स्विस घड्याळ घ्यायचे ठरविलेला हौशी ग्राहक प्रथम रोलेक्सच्या सबमरीनरपाशी थबकतो. किंमत लाखांच्या घरात. शिवाय तेवढे पैसे मोजण्याची तयारी असली तरी हवे ते घड्याळ त्याच दिवशी हाती पडेलच असे नाही. मग शोध सुरू होतो पर्यायाचा, आणि त्या शोधात ट्यूडर हे नाव हमखास पुढे येते. पाठोपाठ एक शंकाही डोके वर काढते. गरिबांचे रोलेक्स म्हणून हिणवले गेलेले हे घड्याळ म्हणजे मन मारून केलेली तडजोड तर नव्हे? या शंकेचे उत्तर ही दोन्ही नावे जन्माला घालणाऱ्या हान्स विल्सडॉर्फ यांच्या चरित्रात सापडते.

विल्सडॉर्फ यांचा जन्म २२ मार्च १८८१ रोजी बव्हेरियातील कुल्मबाख या गावी झाला. वयाच्या बाराव्या वर्षी आई-वडिलांचे छत्र हरपले. वडीलधाऱ्या नातलगांनी घरचा लोखंडी सामानाचा व्यवसाय विकून टाकला आणि मुलाला कोबुर्गच्या वसतिगृहात धाडले. तेथे गणित आणि भाषा हे त्याचे आवडते विषय ठरले. पुढे आयुष्यभर उपयोगी पडली ती हीच शिदोरी. विल्सडॉर्फ हे घड्याळजी नव्हते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. १९०० साली ला शो-द-फाँ येथील एका निर्यातदार पेढीत ते लागले ते इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारे कारकून म्हणून. रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना किल्ली देणे आणि त्यांची वेळ ताडून पाहणे, हेही काम त्यांच्याकडे होते. कोणते घड्याळ कशामुळे मागे पडते याची जाण त्यांना आली ती या कंटाळवाण्या कामातून.

१९०३ मध्ये ते लंडनला गेले आणि १९०५ मध्ये मेहुणे आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासह विल्सडॉर्फ अँड डेव्हिस ही पेढी त्यांनी स्थापन केली. यंत्रणा बिएन गावच्या एग्लर यांच्याकडून आणायची, ती इंग्लंडमध्ये केसमध्ये बसवायची आणि सराफांना विकायची, असा तो धंदा. मनगटी घड्याळ हा त्या काळी बायकांचा दागिना समजला जाई. विल्सडॉर्फ यांनी मात्र सारी भिस्त त्यावरच ठेवली. रोलेक्स हे नाव १९०८ मध्ये नोंदविले गेले. १९१० मध्ये बिएनच्या परीक्षण केंद्राने आणि १५ जुलै १९१४ रोजी इंग्लंडमधील क्यू वेधशाळेने त्यांच्या छोट्या मनगटी घड्याळाला अचूकतेचे प्रशस्तिपत्र दिले. क्यूची ही ‘अ’ श्रेणी तोवर जहाजांवरील मोठ्या घड्याळांनाच लाभत असे.

नाव नोंदविणे सोपे होते. ते तबकडीवर आणणे मात्र महाकठीण. इंग्लंडमधील दुकानदार घड्याळावर स्वतःचे नाव हवे म्हणून अडून बसत. विल्सडॉर्फ यांनी सहा घड्याळांच्या पेटीत एकावर रोलेक्स लिहायला सुरुवात केली, मग दोनांवर, मग तिनांवर. सर्व घड्याळांवर ते नाव झळकायला जवळजवळ वीस वर्षे लागली. मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले, आयात घड्याळांवर इंग्लंडमध्ये एक तृतीयांश कर बसला आणि पेढीचे बिऱ्हाड जिनिव्हाला हलले.

१९२६ हे साल त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे. किल्ली स्क्रूसारखी आवळून पाणी आणि धूळ रोखणारी ऑयस्टर केस त्याच वर्षी बाजारात आली. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी ते घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीच्या गारठलेल्या पाण्यात उतरली. दहा तासांहून अधिक काळानंतर तिला बाहेर काढावे लागले. पोहणे अपुरे राहिले, घड्याळ मात्र चालू होते. विल्सडॉर्फ यांनी ‘डेली मेल’चे संपूर्ण पहिले पान विकत घेऊन ही वार्ता घरोघर पोचविली.

त्याच १९२६ च्या फेब्रुवारीत, जिनिव्हातील एका घड्याळ-व्यावसायिकाच्या विधवेच्या पेढीमार्फत, त्यांनी ट्यूडर हे दुसरे नाव नोंदवून ठेवले. इंग्लंडच्या जुन्या राजघराण्याची आठवण देणारे हे नाव इंग्रज ग्राहकाला आपले वाटणार, हा हिशेब उघड होता. रोलेक्सच्या विक्रेत्यांना कमी किमतीचे तरीही विश्वासाचे घड्याळ द्यायचे होते; पण रोलेक्सचीच किंमत उतरविली तर वीस वर्षांची कमाई मातीमोल होणार होती.

हा पेच त्यांनी सोडविला तो मोठ्या व्यापारी बुद्धीने. ६ मार्च १९४६ रोजी ट्यूडरची स्वतंत्र कंपनी झाली आणि १९५२ मध्ये ट्यूडर ऑयस्टर प्रिन्स आले. रोलेक्सची मिरासदारी असलेल्या दोन गोष्टी, जलरोधक ऑयस्टर केस आणि मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली बसविणारी रचना, विल्सडॉर्फ यांनी या घड्याळाला वापरू दिल्या. काटकसर केली ती आतील यंत्रणेत. ती रोलेक्सची खास यंत्रणा नसून बाहेरून घेतलेली, पण खणखणीत होती. ज्या भागामुळे घड्याळात पाणी शिरेल त्या भागात कपात नाही, असा तो नेम. १९५४ मध्ये पाणबुड्यांसाठी १०० मीटर खोलीचे ट्यूडर सबमरीनर निघाले, तेही रोलेक्सच्या सबमरीनरपाठोपाठ वर्षभरातच. त्याच्या किल्लीवर रोलेक्सचा मुकुट असे. तबकडीवरच्या नावासाठी दोन दशके झगडलेल्या या माणसाने इथे आपले लाडके नाव तबकडीवरून मुद्दाम दूर ठेवले, हे विशेष.

जाहिरातींतही दोन्ही भावंडांचे मार्ग वेगळे ठेवले गेले. रोलेक्स १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेशी आणि वैमानिकांशी जोडले गेले. ट्यूडरच्या जाहिरातीत दिसत कोळशाच्या खाणीतला मजूर आणि दगड फोडणारा पाथरवट. खाणकामगाराच्या मनगटावर घड्याळ २५२ तासांची खोदाई सोसून कसे चालू राहिले, याचे वर्णन त्यात असे. कष्टकऱ्याला उमरावाची नक्कल विकण्याचा मोह त्यांनी टाळला. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी पुढे कित्येक वर्षे ट्यूडरच वापरले. बुडी मारणाऱ्याला प्रतिष्ठेपेक्षा घड्याळात पाणी न शिरण्याचे महत्त्व अधिक, हे सांगायला नको.

आजचे ट्यूडर मात्र १९५४ चे नाही. जुने सबमरीनर केव्हाच बंद झाले. २०१२ मध्ये ब्लॅक बे हे नवे घड्याळ आले, २०१५ पासून कंपनी स्वतःच्या यंत्रणा वापरू लागली आणि रोलेक्सचा मुकुट किल्लीवरून नाहीसा झाला. त्यामुळे ब्लॅक बेकडे स्वस्तातले सबमरीनर म्हणून पाहणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे. २०० मीटरपर्यंत पाणी रोखणारे, जुन्या घाटाचे, स्वतःचा चेहरा असलेले घड्याळ हवे असेल त्याने ते जरूर हातात धरून पाहावे.

विल्सडॉर्फ यांच्या पत्नी १९४४ मध्ये निवर्तल्या. अपत्य नव्हते. लहानपणी घरचा व्यवसाय नातलगांच्या हातून विकला गेलेला पाहिलेल्या या उद्योजकाने १९४५ मध्ये आपल्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले आणि कंपनीची मालकी त्याच्याकडे जाईल अशी तजवीज केली. ६ जुलै १९६० रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. रोलेक्स आणि ट्यूडर या दोन्हींची मालकी आजही त्याच प्रतिष्ठानाकडे आहे. ग्राहकाने यांपैकी कोणतेही निवडले तरी नफा अखेर एकाच तिजोरीत जातो.