गुलाम अहमद : टप्पा न सोडणारा गोलंदाज



क्रिकेटपटूंची नावे तुम्हाला तोंडपाठ असतात. पण हैदराबादच्या गुलाम अहमद यांचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? नांदेड आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या राजधानीत ४ जुलै १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. म्हणजे ते आपल्याच मुलखातले. उंचेपुरे गुलाम अहमद उजव्या हाताने ऑफ स्पिन टाकीत. १९३९-४० च्या हंगामात ते हैदराबादकडून रणजी स्पर्धेत खेळू लागले.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. ते दिवस आपल्या समाजाला किती कठीण गेले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकले असेल. कोणाची नोकरी गेली, कोणाची शाळा सुटली. अशा वेळी, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला, कलकत्त्यात वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा कसोटी सामना सुरू झाला आणि भारतीय संघात हैदराबादचा हा तरुण उभा होता. पहिल्याच डावात त्यांनी चार गडी बाद केले.

ही संधी त्यांना कोणाच्या मेहेरबानीने मिळाली नव्हती. तिच्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. त्यांची चिकाटी पाहायची असेल तर १९५०-५१ चा होळकर संघाविरुद्धचा सामना पाहा. इंदूरला एकाच डावात त्यांनी साडेब्याण्णव षटके, म्हणजे ५५५ चेंडू टाकले. गडी मिळाले फक्त चार आणि धावा गेल्या २४५. परीक्षेत एकदा कमी गुण पडले म्हणून पुस्तक मिटणाऱ्या मित्रा, हा आकडा ध्यानात ठेव.

१९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात चारपैकी तीन कसोट्या आपण हरलो. तरीही संपूर्ण दौऱ्यात गुलाम अहमद यांनी ८० बळी घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला भारत-पाकिस्तान यांच्यातला पहिला कसोटी सामना झाला. भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले तेव्हा गुलाम अहमद फलंदाजीला आले. ते काही फलंदाज नव्हते. पण हेमू अधिकारी यांच्या जोडीने त्यांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भर घातली. त्यांत त्यांच्या स्वतःच्या ५० होत्या. तो सामना भारताने डावाने जिंकला. शेवटच्या जोडीचा हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. दुसऱ्याच दिवशी कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी सुरू झाली. तीत गुलाम अहमद यांनी पहिल्या डावात ४९ धावांत सात आणि दुसऱ्या डावात तीन गडी बाद केले. सामना मात्र आपण हरलो.

त्यांनी तीन कसोट्यांत भारताचे नेतृत्वही केले. त्यांतली पहिली, १९५५ ची, त्यांच्या स्वतःच्या गावी, हैदराबादलाच झाली. पुढे १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजने भारताला सलग दोनदा हरवले. कलकत्त्याचा पराभव तर एक डाव आणि ३३६ धावांचा होता. त्यानंतर, मालिका चालू असतानाच, ते कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. २२ कसोट्यांत ६८ बळी ही त्यांची कमाई.

पण खेळ थांबला म्हणून काम थांबले नाही. १९७५ ते १९८० या काळात ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे सचिव होते. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.

पालकहो, आपली मुले आज कोणत्या परिस्थितीत शिकत आहेत हे आपण जाणतो. परिस्थिती बदलणे नेहमीच आपल्या हाती नसते. पण चेंडू योग्य टप्प्यावर टाकीत राहणे हे मात्र आपल्या हाती असते. गुलाम अहमद यांनी तेच केले. मुलांना त्यांची गोष्ट जरूर सांगा. अल्लाह मरहूमना जन्नत नसीब करो.