पाल्मारेसचा झुंबी
ब्राझीलच्या ईशान्येकडील आलागोआस राज्यात सेर्रा दा बारिगा नावाचा डोंगर आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीजांच्या ऊसमळ्यांवरून पळालेले आफ्रिकी गुलाम या परिसरातील ताडवनांच्या आश्रयाला येऊ लागले. ताडांवरूनच त्यांच्या वस्त्यांना पाल्मारेस हे नाव पडले. झुंबीचा जन्म १६५५ च्या सुमारास याच वस्त्यांत झाला, असे मानले जाते.

तान्हेपणी त्याला सैनिकांनी पळवून नेले, एका पाद्र्याने वाढवून लॅटिन शिकविले आणि पंधराव्या वर्षी तो डोंगरात परतला, अशी कथा ब्राझीलमध्ये घरोघरी सांगितली जाते. तिचे मूळ कागद मात्र इतिहासकारांच्या हाती लागलेले नाहीत. त्याचे पुढील आयुष्य सरकारी दप्तरातून अधिक स्पष्ट दिसते, तेही शत्रूच्या लेखणीतून.

पाल्मारेस ही निव्वळ लपण्याची जागा नव्हती. मका, घेवडा, कसावा, केळी, ऊस अशी पिके तेथे निघत आणि आसपासच्या शेतकऱ्यांशी त्यांचा व्यापार चाले. आफ्रिकींबरोबर मूळनिवासीही तेथे नांदत. लोकसंख्येचे अंदाज वीस हजारांपर्यंत जातात. ते फुगविलेले असावेत. डच आणि पोर्तुगीज या दोघांनीही या वस्त्यांवर वारंवार स्वाऱ्या केल्या.

१६७८ मध्ये पाल्मारेसचा प्रमुख गांगा झुंबा याने पेर्नांबुकोच्या गव्हर्नराशी तह केला. पाल्मारेसमध्ये जन्मलेल्यांना स्वातंत्र्य आणि कुकाऊ येथे जमीन मिळणार होती. बाहेरून पळून आलेल्यांना मात्र मालकांच्या हवाली करायचे होते. आपली मुक्तता शेजाऱ्याच्या बेडीच्या मोबदल्यात घेणे झुंबीला मान्य नव्हते. त्याने तह धुडकावला. लवकरच गांगा झुंबा मारला गेला आणि नेतृत्व झुंबीकडे आले. गांगा झुंबाला निव्वळ फितूर ठरविणे सोपे आहे. पण अनेक वर्षांच्या लढाईने थकलेल्या माणसांपुढे तो तह होता, हेही विसरता येत नाही.

झुंबीने आणखी पंधरा-सोळा वर्षे झुंज दिली. अखेर साओ पाउलोकडील दोमिंगोस जोर्जे वेल्यो याच्या फौजेने फेब्रुवारी १६९४ मध्ये मकाको ही मुख्य गढी जिंकली. झुंबी निसटला, पण २० नोव्हेंबर १६९५ रोजी पकडून ठार करण्यात आला. तो अमर आहे, ही गुलामांची समजूत मोडावी म्हणून त्याचे शिर रेसिफे शहरात टांगले गेले.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपायला १८८८ उजाडले. १९७१ मध्ये पोर्तो आलेग्रे येथील कवी ओलिव्हेरा सिल्व्हेरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २० नोव्हेंबर हा स्मरणदिन म्हणून पाळण्यास आरंभ केला. २०२४ पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुटी असते. १९८८ च्या राज्यघटनेने अशा वस्त्यांच्या, म्हणजे किलोम्बोंच्या वारसांना ते राहत असलेल्या जमिनीची कायम मालकी मान्य केली. २०२२ च्या जनगणनेत या समाजाची प्रथमच स्वतंत्र मोजणी झाली, तेव्हा संख्या तेरा लाखांवर भरली. त्यांतील जेमतेम आठवा हिस्सा सरकारने सीमा आखून दिलेल्या प्रदेशांत राहत होता.