घर दुभंगलं, पण विश्वास सुटला नाही : लक्ष्मीबाई टिळक यांची जीवनकहाणी

राहुरी : भावाभावांत बांधावरून बोलणं बंद, सासू-सुनेची चूल वेगळी, हे आपल्या गावागावात चालू आहे. पण एका रात्रीत नवऱ्याचा धर्मच बदलला आणि बायको पदरात लेकरू घेऊन माहेरच्या माणसांत राहिली, तर? सव्वाशे वर्षांपूर्वी हे सगळं सोसलेली बाई आपल्या नगर जिल्ह्यात, राहुरीत राहून गेली. लक्ष्मीबाई टिळक त्यांचं नाव.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनू. वडील सोवळ्याओवळ्याचे इतके कडक की त्यापायी घरातल्या सगळ्यांचे हाल व्हायचे. अकराव्या वर्षाच्या आसपास नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. सासरे तापट. नवरा हुशार, कवी, मनाचा मोठा, पण रागीट आणि लहरी. न सांगता घरातून निघून जायचे. हातात पैसा आला की जो मागेल त्याला देऊन मोकळे. घरात मीठ-पीठ आहे का, याची काळजी बायकोने करायची. त्यातच लेकरं हातची गेली. वाचलेला मुलगा दत्तू.

रेल्वेतली भेट

टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या. त्याने बायबल हातात दिलं आणि वाचायचा शब्द घेतला. टिळकांनी शब्द पाळला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि त्यांचं मन पालटलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी विचारलं नाही.

बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या लोकांत होत्या. घरात कोणी मेल्यासारखी रडारड झाली. ही बाई जिवाचं काही बरंवाईट करील म्हणून लोक त्यांच्यावर नजर ठेवून होते. पुढे त्या बहिणीकडे पंढरपूरला राहिल्या. सवाष्ण असून विधवेसारखं जगणं, वर लोकांच्या नजरा. त्या दुःखातच त्यांना कविता सुचू लागली.

इकडे टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. पत्रं पाठवणं थांबवलं नाही. भांडण मोठं होतं, पण दोघांनीही दोर कापला नाही. मला वाटतं, या कहाणीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आपण रागाच्या भरात पहिला दोरच कापतो.

आधी घर, मग धर्म

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे आल्या. पण सोवळं सोडलं नाही, स्वयंपाकपाणी आपलं वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मग राहुरीला जाताना वाटेत त्यांच्या मनात विचार सुरू झाला : जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर बैल आणि घोडा जसे दिसायला वेगळे, तशी माणसंही वेगळी दिसली असती. तिथेच ठरवलं, आता कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या धाकाने नाही, आपल्या मनाने घेतला. पाच वर्षं लागली.

देवावर विश्वास ठेवला म्हणून दुःख संपलं का? नाही. टिळकांचा राग तसाच, पैशाची चणचण तशीच. पण दुष्काळ-प्लेगच्या त्या काळात या घराचं दार परक्या लेकरांना उघडं राहिलं. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले, त्यांना लक्ष्मीबाईंनी आईची माया लावली. स्वतःची लेकरं गमावलेली बाई दुसऱ्यांच्या लेकरांना जेवू घालत होती. तिचा विश्वास कसा होता, ते यातच दिसतं.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. त्यांचं येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे काव्य दहा-अकरा अध्यायांवर अर्धवट राहिलं होतं. ज्या बाईला जोडाक्षरं नीट लिहिता येत नव्हती, तिने पुढचे ६४ अध्याय रचून ते पुरं केलं! ज्या धर्मामुळे घर मोडलं होतं, त्याच धर्माचं काव्य नवऱ्यामागे तिच्या हातून पूर्ण झालं.

१९३४ पासून त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र पुस्तकरूपात येऊ लागलं. त्यात रडगाणं नाही. नवऱ्याच्या चुका सांगताना त्या स्वतःवरही हसतात. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या.

माझं स्वतःचं सांगतो. पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. हे पुस्तक वाचलं आणि दिवाळीला मीच त्याच्या दारात गेलो. त्याने चहा टाकला. पाळीचा वाद अजून मिटला नाही, पण बोलणं सुरू झालं.

देव भांडण मिटवून हातात देत नाही. दार उघडं ठेवायचं बळ देतो, पुढचं आपण करायचं. लक्ष्मीबाईंनी तेच केलं. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मिळत असेल तर जरूर वाचा.