शर्यत न लावणारा सायकलस्वार

१८८१ साली फ्रान्समधल्या सेंत-एतियेन शहरातल्या एका रेशीम व्यापाऱ्याने सायकल विकत घेतली. वय २८. धंदा स्वतःचा आणि बरा चाललेला. दिवसभर पेढीवर बसून माल आणि हिशेब पाहायचे, उरलेल्या वेळात लॅटिन-ग्रीक ग्रंथ वाचायचे. अंगमेहनत अशी नव्हतीच. आजच्या डॉक्टरने ज्याला बैठी जीवनशैली म्हणून चार शब्द सुनावले असते, असा हा माणूस. नाव पॉल द व्हिव्ही. २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या पर्न या गावात त्यांचा जन्म झाला. पण जगभरचे लांब पल्ल्याचे सायकलस्वार त्यांना ओळखतात ते ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने. ते कोणती मोठी शर्यत जिंकले म्हणून नव्हे. सामान्य प्रकृतीचा माणूस दहा किलोमीटरवरून शंभरावर आणि शंभरावरून दोनशेवर कसा जाऊ शकतो, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षे तपासून लिहून ठेवले म्हणून.

तेव्हाची सायकल म्हणजे पुढचे चाक छातीइतके उंच आणि मागचे अगदी चिमुकले. खड्डा आला की माणूस थेट तोंडावर. अशा वाहनावर सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखव, असे आव्हान एका मित्राने दिले आणि द व्हिव्हींनी ते घेतले. रस्ता डोंगरातल्या ला शेझ-द्यू या गावाकडचा. त्या दिवसाने त्यांना वेड लावले, पण ते वेगाचे नव्हे. शेते, जंगले, उतारावरचा वारा, वाटेतली खेडी, आणि हे सारे आपल्याच पायांच्या जोरावर पाहता येते हा शोध, यांचे ते वेड होते. काही वर्षांतच त्यांनी रेशमाचा धंदा विकला. १८८७ मध्ये सेंत-एतियेनला सायकलचे दुकान थाटले आणि त्याच वर्षी एक मासिकही काढले. ‘ल सिक्लिस्त’ या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. चांगला धंदा सोडून सायकलच्या मागे लागलेल्या माणसाला शहरातल्या लोकांनी काय म्हटले असेल, याची कल्पना बीडमध्ये राहणाऱ्यांना करता येईल.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध लागला तो एका घाटात. सेंत-एतियेनच्या दक्षिणेला ‘कोल द ला रेप्युब्लिक’ नावाची खिंड आहे, उंची ११६१ मीटर. द व्हिव्हींचा हा नेहमीचा रस्ता. एकदा ते घाम गाळत चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाईप धरून आरामात त्यांच्या पुढे निघून गेला, अशी हकिकत सांगतात. दुसऱ्या कुणाला राग आला असता. द व्हिव्हींनी घरी येऊन सायकलकडे पाहिले. चढाला सोपी सायकल केली तर सपाटीवर पाय नुसते गरागरा फिरतात आणि अंतर काही सरत नाही. सपाटीला योग्य केली तर चढावर पायडल हलत नाही. मग एकाच सायकलला दोन दातेरी चक्रे का असू नयेत? त्यांनी तशी सायकल केली. सुरुवातीला खाली उतरून हाताने चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकावी लागे. पुढे यातूनच चालत्या सायकलवर चेन सरकवणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. आज शाळकरी मुलांच्या सायकलीला जे गिअर दिसतात, त्यांच्या प्रसारात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

वैद्यकीय दृष्टीने ही गोष्ट साधी नाही. एकाच गिअरच्या जड सायकलवर घाट चढताना प्रत्येक पायडलला मांडीचा जवळजवळ सगळा जोर लागतो. गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो, स्नायू लवकर भरून येतात, आणि जोर लावताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाबाच्या रुग्णाला हे नेमके नको असते. गिअर हलका केला की प्रत्येक वेळचा जोर कमी होतो आणि फेरे वाढतात. ओझे गुडघ्यावरून हलून हृदय आणि फुप्फुसांवर येते, तेही सौम्य आणि सलग. व्यायामाचा जो फायदा आपल्याला हवा असतो तो याच प्रकारच्या श्रमातून मिळतो. सायकलीने गुडघे जातात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांचा दोष सायकलीत नसून खाली बसवलेल्या सीटमध्ये आणि जड गिअरमध्ये असतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट उंच हवी.

पण त्या काळच्या खेळाडूंना गिअर म्हणजे लबाडी वाटे. टूर डी फ्रान्स ही प्रसिद्ध शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज तर उघड विरोधक. १९०२ मध्ये डोंगरी रस्त्यावर झालेल्या एका चाचणीत मार्थ हेस या महिलेने तीन गिअरची सायकल चालवली आणि एका गिअरवर आलेल्या नामांकित पुरुष खेळाडूपेक्षा तिची कामगिरी सरस ठरली. तरीही देग्रांज बधले नाहीत. असली सोय पंचेचाळिशी उलटलेल्या लोकांसाठी ठीक आहे, असे त्यांचे मत होते. टूर डी फ्रान्समध्ये चेन सरकवणाऱ्या गिअरना परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. गंमत अशी की देग्रांज यांनी टोमणा म्हणून जे म्हटले ते डॉक्टरच्या खुर्चीतून पाहिले तर अगदी खरे आहे. सायकलची सर्वांत जास्त गरज पंचेचाळिशी उलटलेल्यांनाच असते.

व्हेलोसिओ मात्र आपल्या वाटेने जात राहिले. दर ईस्टरला ते सोबत्यांसह दक्षिणेकडे, आपल्या जन्मप्रांताकडे सायकलने जात. पन्नाशी-साठीनंतरही रात्रभर सायकल चालवण्याचा त्यांचा क्रम सुटला नाही. त्यांनी मांस सोडले होते, पहाटे उठून ग्रीक ग्रंथ वाचणे चालू होते, आणि प्रत्येक प्रवासात काय खाल्ले, कुठे थकवा आला, कोणता गिअर कामी आला याची नोंद मासिकात येत होती. या नोंदींतून त्यांनी सायकलस्वारांसाठी सात नियम काढले. थांबे थोडे आणि छोटे ठेवावेत, म्हणजे अंगातली लय मोडत नाही. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि तेही थोडे-थोडे. अन्न नकोसे वाटेल किंवा झोप उडेल इतके कधी थकू नये. गार वाटण्याआधी अंगावर घालावे, गरम वाटण्याआधी काढावे, आणि ऊन, वारा, पाणी अंगावर घ्यायला भिऊ नये. निदान प्रवासात तरी दारू, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावी. शरीरावर जबरदस्ती करू नये, विशेषतः सुरुवातीच्या तासांत, कारण तेव्हाच दांडगा उत्साह असतो. आणि शेवटचा, केवळ मोठेपणा मिरवण्यासाठी पायडल मारू नये.

शंभर वर्षांहून जुने हे नियम आजच्या शरीरशास्त्राशी बरेच जुळतात. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, सगळी मिळून अर्धा किलोच्या आसपास असते. जोरात सायकल मारली तर ती दीड-दोन तासांत संपत येते. मग एकाएकी पाय शिशाचे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड होते. हळू चालवले तर शरीर चरबीचा वाटा वाढवते आणि साखर पुरवून वापरते. म्हणजे पहिल्या तासात आवरते घेणारा माणूस पाचव्या तासातही ताजा राहतो, यात मनोबलापेक्षा हिशेबच जास्त आहे. खाण्याचेही तसेच. भूक जाणवेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो, कारण खाल्लेले रक्तात यायला वेळ लागतो. तास-दीड तासापेक्षा लांब जायचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. आपल्याकडे त्यासाठी पाकिटबंद काही आणायची गरज नाही. एक-दोन केळी, गुळाचे खडे, सोबत मूठभर शेंगदाणे आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुरते. मधुमेहाच्या रुग्णांनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी, लांब जाण्याआधी डोस आणि खाणे यांचा मेळ आपल्या डॉक्टरांकडून बसवून घ्यावा, आणि खिशात साखर कायम ठेवावी.

सगळेच नियम जसेच्या तसे घेण्यासारखे नाहीत. मांसाने सायकलस्वाराचे नुकसान होते असे म्हणता येत नाही. जड जेवण पचायला वेळ लागतो इतकेच खरे. आणि ऊन अंगावर घेण्याचा सल्ला फ्रान्सच्या डोंगरातला आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत डोक्याला रुमाल, अंगात सैल सुती कपडे आणि सकाळी नऊच्या आत घरी परत, हेच योग्य. घाम येणे थांबले, डोके दुखू लागले किंवा बोलणे अडखळू लागले तर तो थकवा नसून उष्माघात असू शकतो. लगेच सावली गाठून अंग ओले करावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

बीडकरांना व्हेलोसिओंचा घाट समजायला फ्रान्सला जावे लागत नाही. बीड शहर बालाघाटाच्या पायथ्याशी आहे आणि मांजरसुंब्याचा घाट चढून पठारावर गेले की हवाच बदलते. पावसाळा संपता संपता कपिलधारकडचा हिरवा डोंगर, सीताफळांनी लगडलेली झाडे, पाटोद्याकडची मोकळी माळराने, हे सगळे मोटारसायकलवरून जाताना निसटते. सायकलवर ते दिसते. पण पहिल्याच रविवारी घाट चढायला निघणारे दुसऱ्या रविवारी सायकल भिंतीला टेकवतात, आणि पुढे ती तिथेच राहते. दसऱ्याला आठ किलोमीटरने सुरुवात करून दर आठवड्याला दहावा हिस्सा वाढवला, तर वीस आठवड्यांनी, महाशिवरात्रीच्या सुमारास, अंतर पन्नासच्या पुढे जाते. मध्ये एखादा आठवडा मुद्दाम कमी चालवला किंवा आजारपणात गेला तरी बिघडत नाही. वेग मोजायला घड्याळही नको. सोबत्याशी सलग बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. रक्तदाब किंवा हृदयासाठी नाडी मंद ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना तर हीच कसोटी नाडी मोजण्यापेक्षा जास्त भरवशाची. चाळिशीपुढचे, मधुमेह, रक्तदाब किंवा विडी-तंबाखूची सवय असलेले यांनी सुरुवातीलाच तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. चढावर छातीत दाबल्यासारखे झाले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, दरदरून गार घाम आला तर तिथेच थांबावे. पित्त म्हणून पुढे जाऊ नये.

आणखी एक धोका व्हेलोसिओंच्या यादीत नव्हता. कारखाने सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या धावतात, पुष्कळदा मागे दिवा नसलेल्या. पहाटे किंवा संध्याकाळी सायकलला मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, डोक्याला हेल्मेट आणि अंगात उठून दिसणारा रंग असल्याशिवाय महामार्गावर जाऊ नये. आतले रस्ते लांबचे असले तरी बरे.

व्हेलोसिओ स्वतः शेवटी रस्त्यावरच गेले. २७ फेब्रुवारी १९३० रोजी सेंत-एतियेनमध्ये सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडताना एका मोटारीपासून वाचण्यासाठी ते मागे सरले आणि ट्रामच्या धक्क्याने गेले. वय ७६. त्या सकाळी ते रोमन तत्त्वज्ञ सेनेकाची पत्रे वाचत होते, असे सांगतात. ट्राम आली नसती तर ते आणखी किती वर्षे घाट चढत राहिले असते, हा त्यांच्या चाहत्यांचा आवडता प्रश्न.

त्यांच्या नावाने १९४७ पासून फ्रान्समध्ये ईस्टरला चोवीस तासांची सांघिक सायकल सफर निघते. प्रत्येक संघाला किमान ३६० किलोमीटर जावे लागते. लांब पल्ल्याच्या अशाच ‘ब्रेव्हे’ सफरी आता महाराष्ट्रातही होतात. त्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, आणि सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला वेगळे बक्षीस नसते. सेंत-एतियेनहून त्या जुन्या खिंडीपर्यंत सायकलने चढण्याचा वार्षिक दिवस तर व्हेलोसिओ हयात असतानाच, १९२२ मध्ये सुरू झाला. खिंडीच्या माथ्यावर आता त्यांचे स्मारक उभे आहे.