निळीचा व्यापारी आणि परक्या भाषा

दहावीपर्यंतचे माझे सारे शिक्षण मराठीतून झाले. पी. यू. सी.ला वाणिज्य शाखेत आलो आणि पहिल्याच महिन्यात ‘गुडविल’ या शब्दाशी गाठ पडली. शब्दकोशात अर्थ दिला होता, सदिच्छा. आता भागीदार निवृत्त होताना सदिच्छेची किंमत कशी काढायची आणि ती जमाखर्चात कुठे मांडायची, हे काही केल्या डोक्यात शिरेना. चाचणी परीक्षेत मी सदिच्छेवर अर्धे पान खरडले आणि दहापैकी एक गुण मिळवला! या फजितीनंतर काही महिन्यांनी हाइनरिख श्लीमान याच्या चरित्राशी ओळख झाली. ट्रॉय नगरीचा शोध घेणारा म्हणून जग त्याला ओळखते. माझे मन मात्र त्याच्या पेढीवरच्या दिवसांतच अडकून पडले.

श्लीमानचा जन्म १८२२ साली उत्तर जर्मनीत एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तो नऊ वर्षांचा असताना आई वारली, घराची घडी विस्कटली आणि चौदाव्या वर्षी त्याला किराणा दुकानात उमेदवारी करावी लागली. मीठ, साखर, मासळी विकायची आणि दुकान झाडायचे, असे साडेपाच वर्षे चालले. एक जड पिंप उचलताना छातीला इजा झाली आणि तेही काम सुटले. १८४१ मध्ये तो व्हेनेझुएलाला जाणाऱ्या जहाजावर चढला, ते हॉलंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. अशा रीतीने तो अॅमस्टरडॅमला पोचला आणि एका पेढीत निरोप्याचे काम करू लागला. पगार वर्षाला ८०० फ्रँक. त्यातील निम्मा तो शिकण्यावर खर्च करी.

त्याची शिकण्याची तऱ्हा अशी होती : मोठ्याने वाचायचे, भाषांतर करायचे नाही, रोज आवडीच्या विषयावर काहीतरी लिहायचे, शिक्षकाकडून तपासून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पाठ म्हणायचे. पोस्टाच्या रांगेत उभा असला तरी हातात पुस्तक. उच्चार सुधारावेत म्हणून रविवारी दोनदा इंग्रजी चर्चमध्ये जाऊन प्रवचनकाराचा शब्द न् शब्द तो पुटपुटत असे. गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ आणि स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ त्याने पाठच केल्या. इंग्रजीला सहा महिने लागले, फ्रेंचलाही तितकेच, असे तो सांगतो.

रशियनची हकीकत तर मोठी गमतीची आहे. शिकवणारा कोणी मिळेना. तेव्हा एक जुने व्याकरण, एक कोश आणि ‘तेलेमाक’ या फ्रेंच पुस्तकाचे एक सुमार रशियन भाषांतर घेऊन तो बसला. कोणीतरी ऐकणारा असावा म्हणून आठवड्याला चार फ्रँक देऊन त्याने एक गरीब म्हातारा नेमला. त्या बिचाऱ्याला रशियनचे अक्षरही कळत नव्हते! घराच्या भिंती पातळ. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि या पाठांतरापायी श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. सहा आठवड्यांत मात्र त्याने लंडनमधील एका रशियन निळीच्या अडत्याला पत्र लिहिले. १८४६ मध्ये पेढीने त्याला सेंट पीटर्सबर्गला आपला प्रतिनिधी म्हणून पाठवले. नीळ विकून तो श्रीमंत झाला, आणि क्रिमियाच्या युद्धात युद्धसामग्री विकून अधिकच.

१८५६ मध्ये त्याने आधुनिक ग्रीक हाती घेतली. ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी त्याला फ्रेंचमध्ये चांगली ठाऊक होती. तिचे ग्रीक भाषांतर घेऊन मूळ फ्रेंचशी शब्द ताडून तो वाचत गेला. पहिल्या वाचनात निम्मे शब्द कळले, दुसऱ्या वाचनात बहुतेक सगळे. आणि कोश उघडावा लागला नाही. माझ्या मते सारी मेख इथे आहे. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे पुढे काय येणार याचा त्याला अंदाज होता, म्हणून अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दांच्या मध्ये सापडत होता. कोरी पाटी घेऊन कोणी असा बसला, तर त्याच्या हाती फारसे लागणार नाही.

पुढची कथा प्रसिद्धच आहे. १८६९ मध्ये रशियन पत्नीपासून घटस्फोट आणि त्याच वर्षी ग्रीक सोफियाशी विवाह, १८७१ पासून तुर्कस्तानात हिसार्लिकचे उत्खनन, १८७३ मध्ये सोन्याचा साठा. तो साठा त्याने प्रायाम राजाचा म्हणून जाहीर केला. वस्तुतः तो त्या काळाहून सुमारे हजार वर्षे जुना निघाला. घाईने खोल चर खणून त्याने वरचे थर उद्ध्वस्त केले. जागा दाखवणाऱ्या फ्रँक कॅल्व्हर्टला पुरेसे श्रेय दिले नाही. आत्मचरित्रातही त्याने बरेच रंगवून सांगितले आहे, हे १९७० नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा सहा आठवडे, सहा महिने हे आकडे मी व्यापाऱ्याने सांगितलेल्या पहिल्या भावासारखे धरतो. पण निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या त्याच्या रोजनिशा अथेन्सच्या ग्रंथालयात आहेत, त्या काही खोट्या नाहीत. १८९० च्या डिसेंबरात नेपल्स येथे कानाच्या विकाराने तो वारला.

हे वाचून मी ‘गुडविल’चे प्रकरण पुन्हा काढले, पण कोश बाजूला ठेवून. उदाहरण एका चालत्या दुकानाचे होते. मालाची आणि सामानाची किंमत धरूनही घेणाऱ्याने वर काही रक्कम दिलेली. ती कशाची? आमच्या गल्लीतला जुना किराणावाला आठवला. समोर दोन नवी दुकाने असूनही आई मला त्याच्याकडेच पाठवते. नावलौकिक! मग पुढची दोन पाने आपोआप उलगडली.

कन्नडचेही तसेच झाले. बोलणे लहानपणापासून येते, पण वाचताना अडखळतो. म्हणून आधी मराठी वृत्तपत्रात बाजारभाव वाचतो आणि मग कन्नडमध्ये. ‘बेले’ म्हणजे किंमत आणि ‘बेळे’ म्हणजे पीक, हे दोन शब्द छापील अक्षरांत मी कायम एकच समजत होतो. एके दिवशी कांद्याच्या बातमीत दोन्ही एकाच वाक्यात आले. पाऊस लांबल्याने एक घटले होते आणि दुसरी चढली होती. घटले ते कोणते आणि चढली ती कोणती, हे कोणाला विचारावे लागले नाही.