बाशो : कॅमेऱ्याशिवाय निसर्ग टिपणारा कवी



आपली मुलं सहलीला गेली की मोबाईलवर धडाधड फोटो काढतात. घरी आल्यावर विचारा, फुलाला पाकळ्या किती होत्या? सांगता येत नाही. म्हणून आज जपानी कवी मात्सुओ बाशो यांची ओळख करून घेऊया.

बाशो यांचा जन्म १६४४ साली इगा प्रांतात झाला. तरुणपणी ते एका सरदारपुत्राच्या चाकरीत होते. दोघांनाही कवितेचं वेड. १६६६ मध्ये तो सरदारपुत्र अकाली वारला आणि बाशोंनी ती चाकरी सोडली. पुढे एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, ते कवितेचे गुरू म्हणून नावारूपाला आले. पण १६८० मध्ये गजबज सोडून ते नदीकाठच्या झोपडीत राहू लागले. शिष्याने अंगणात केळ लावली. त्या केळीला जपानीत बाशो म्हणतात. तेच त्यांचं नाव झालं!

१६८२ च्या आगीत झोपडी जळाली. नंतर त्यांनी मोठे पायी प्रवास सुरू केले. १६८९ मध्ये सोरा या शिष्याबरोबर उत्तर जपानमध्ये सुमारे २४०० किलोमीटर भटकंती केली. १६९४ मध्ये प्रवासातच, ओसाका येथे त्यांचं निधन झालं.

आज आपण ज्याला हायकू म्हणतो, त्या छोट्या कवितेला त्यांनी उंची दिली. ५-७-५ अशी सतरा अक्षरं, ऋतूची एक खूण आणि एकच क्षण. बेडूक, पाऊस, कावळा असे साधेच विषय. कवी फक्त दाखवतो, समजावत बसत नाही.

निसर्ग छायाचित्रकार तरी वेगळं काय करतो? थांबतो, पाहतो, नको ते चौकटीबाहेर ठेवतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर काळवीट दिसतात, पण माळढोक आता क्वचितच दिसतो. जे मुलांनी कधी नीट पाहिलंच नाही, ते नाहीसं झालं तर त्यांना हळहळ तरी कशी वाटेल?

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. आता आपण तो वर्गात नेऊया. मुलांना सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा शाळेतल्या कडुनिंबाखाली न्या. दहा मिनिटं मोबाईल बंद, फक्त पाहायचं. मग एकच फोटो आणि तीनच ओळी. अक्षरं कमी-जास्त झाली तरी चालतील. आणि हो, तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा!